बंद विभाग

यंत्राने मंदाकिनीबाईंची साखर, गुडघे, डोळे सगळं दीड मिनिटात तपासलं आणि विचारलं, "आणखी काही तक्रार?"

बहात्तर वर्षांच्या मंदाकिनीबाई सरळ म्हणाल्या, "नवऱ्याजवळ गेलं की दुखतं. वर्ष झालं."

"लैंगिक आरोग्याचा विभाग तुमच्यासाठी बंद आहे. सत्तरीनंतर कोणते विभाग चालू ठेवायचे, ते नोंदणीकृत पालक ठरवतात."

पालक म्हणजे त्यांचा मुलगा हृषीकेश. तो बाहेरच बसला होता. त्यांनी त्याला आत बोलावलं.

"तू बंद केलंस?"

तो खाली बघत म्हणाला, "आई, या वयात असलं काही विचारलं तर तुला लाज वाटेल, म्हणून."

"लाज तुला वाटते आणि दुखणं मी सोसायचं? तुझे बाबा मला हात लावायला घाबरतात."

लहानपणी लस टोचताना धरायच्या तसं त्यांनी त्याचं मनगट धरलं आणि त्याचा अंगठा पडद्यावर दाबला. विभाग उघडला. तो दाराकडे वळला.

"थांब. ऐकून जा."

यंत्र म्हणालं, "कोरडेपणामुळे दुखतंय. साधं मलम पुरेल."

"एवढ्याशा मलमासाठी आमचं वर्ष गेलं," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "अशी किती वर्षं उरलीत, तेही विचार या यंत्राला."