बखूमची भाकर

अबूनांनी आजही बखूमचीच भाकर उचलली.

सिधोम परडी धरून चर्चमध्ये वेदीच्या पडद्याशी उभा होता. परडीत सात भाकरी होत्या, चार त्याच्या आणि तीन बखूमच्या. वेदीवर एकच जाते, सगळ्यांत निर्दोष असेल ती. बाकीच्या उपासना संपल्यावर लोकांत वाटतात. अबूना अर्सानी हे नाईलकाठच्या त्या गावचे म्हातारे पुरोहित. त्यांनी एकेक भाकर उलटून पाहिली, पुसली आणि नेमकी तीच घेतली. भाकरीवर उमटवायच्या सिधोमच्या ठशातला एक क्रूस झिजलेला होता, त्यामुळे कुठली कुणाची हे त्याला लांबूनही कळे. सलग पाचवा रविवार.

तीस वर्षं चर्चच्या भट्टीवर तो एकटाच होता. आदल्या संध्याकाळपासून पाण्याचा थेंब घेत नसे. पीठ मळताना दीडशेच्या दीडशे स्तोत्रं तोंडपाठ म्हणे. गुडघे धरायला लागले म्हणून अबूनांनी मदतीला बखूम दिला. बखूम! दोन वर्षांपूर्वीपर्यंत मिनीबस चालवायचा, हुक्का ओढायचा, आणि आडव्या आलेल्या गाढवाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. त्याला स्तोत्र येई एकच, दया मागण्याचं. तेच तो मळताना पुन्हा पुन्हा म्हणायचा.

“कॅसेट अडकली का रे तुझी?” सिधोम विचारी.

“एवढी एकच आहे काका माझ्याकडे,” बखूम हसे.

त्या रविवारी घरी सिधोमला घास उतरेना. त्याची बायको जकिया म्हणाली, “जेवा की. भाकर देवाला पोचली ना? मग तुमचं का पोट दुखतंय?”

“देवाला नाही, अबूनांना आवडली. आणि अबूनांना हल्ली दिसत नाही.”

“मग बोटांना कळत असेल त्यांच्या,” ती म्हणाली आणि ताट उचलून गेली.

सिधोमच्या डोळ्यांसमोर बखूमची बोटं यायची. जाड, काळी, इंजिनाचं तेल मुरलेली. त्या बोटांखाली पीठ असं लोण्यासारखं कसं होतं? तो स्तोत्र सुरू करायचा देवापासून, आणि प्रत्येक ओळ बखूमपाशी येऊन थांबायची.

कियाख महिना लागला. नाताळाआधीचा उपास चालू होता. रविवारी उजाडता उजाडता दोघांनी भाकरी थापल्या, ठसे उमटवले, टोचे मारले आणि ओली फडकी घालून फुगायला ठेवल्या. बखूम बादली घेऊन पाण्याला गेला. नाईलवरून बोचरं वारं सुटलं होतं.

सिधोमने बखूमच्या भाकरींना हात लावला नाही. फक्त त्यांच्यावरचं फडकं काढलं आणि खिडकी उघडली. बऱ्याच वेळाने लावून घेतली, फडकं परत घातलं. तोंडाने स्तोत्र चालूच होतं.

सिधोमच्या भाकरी छान फुलल्या. बखूमच्या तिन्ही तडकून बाहेर आल्या. वारं लागून वरून सुकलेलं पीठ भट्टीत असंच फुटतं. एकीचा तर मधला क्रूसच चिरला होता. बखूम बराच वेळ बघत राहिला. त्याचे कान लाल झाले.

“होतं असं कधी कधी,” सिधोम म्हणाला, आणि पाठ फिरवून आपल्या भाकरी परडीत रचू लागला. मागून बखूमचं ते एकच स्तोत्र ऐकू येत होतं. आज जरा मोठ्याने.

परडीत सगळ्या सिधोमच्याच भाकरी होत्या. अबूनांनी एक उचलली. सिधोमचा श्वास कित्येक आठवड्यांनी पुरता आत गेला. त्याने मान वळवली. त्याला बखूमचा चेहरा बघायचा होता.

उपासना पुढे सरकली. एकमेकांना शांतीचा सलाम करा, अशी हाक झाली. लोक शेजाऱ्यांकडे वळले, हातांना हात लागले. बखूम तीन बाकं ओलांडून आला आणि त्याने सिधोमचे दोन्ही हात धरले. डोळे भरलेले होते.

“काका, मला माफ करा. आज सकाळी तुमच्याबद्दल माझ्या मनात फार वाईट आलं. ते घेऊन मला वेदीपुढे जाता येणार नाही.”

बिचारा, सिधोमच्या मनात आलं. भाकरी फुटल्या म्हणून जरा चिडला असेल, आणि तेवढ्याचीही माफी मागतोय. “केलं माफ,” तो म्हणाला. ते दोन शब्द तोंडात वाळूसारखे लागले.

प्रभुभोजनाची रांग लागली. तीस वर्षं तो रांगेत पहिला असे. आजही घसा कोरडा ठेवला होता, झगा धुतलेला होता, स्तोत्रं सगळी म्हणून झाली होती. तयारी पुरी होती. पाय मात्र उठेनात. समोर त्याच्याच हातची भाकर मोडली जात होती आणि तो बाकावर बसून राहिला. सगळ्यांच्या मागून बखूम अनवाणी वेदीकडे गेला.

लोक पांगल्यावर बखूम भट्टीतली राख काढत होता. सिधोम दारात येऊन उभा राहिला.

“बखूम, तुझ्या भाकरी माझ्यामुळे फुटल्या. फडकं मी काढलं. खिडकी मी उघडली.”

“ठाऊक आहे, काका. मी समोर नळावरच होतो.”

सिधोम आत आला. “पाहिलंस? मग गप्प का बसलास? आणि वर माझीच माफी कसली मागत होतास?”

बखूमने राखेचं घमेलं खाली ठेवलं. त्याला मान वर करता येईना.

“मागायलाच हवी होती,” तो म्हणाला. “तुम्ही माझ्याकडे पाठ करून परडी भरत होतात ना, तेव्हा भट्टीची लोखंडी सळई माझ्या हातात होती. मी ती उगारली होती.”