चौसष्टच्या पुढचे

पडद्यावर आकडा आला, चौसष्ट. चालू प्रोसेसर किती, तिने पुन्हा विचारलं. पुन्हा चौसष्ट. यंत्रात प्रोसेसर होते एकशे अठ्ठावीस.

पूर-इशारा केंद्राने तिला चौकशीसाठी बोलावलं होतं. यंत्रातली सगळी कामं वाटून देणारा मूळ प्रोग्रॅम, कर्नल, तिच्या कंपनीचा होता. चार महिन्यांपूर्वीचा पूर, नव्या यंत्राचा पहिलाच. आधी पाणी आलं, इशारा मागाहून. नदीकाठच्या खालच्या वस्तीतली एकोणीस माणसं गेली. पाळीवरच्या ऑपरेटरने पुराच्या अंदाजाचं गणित उशिरा सुरू केलं, हे सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं. "मी नऊच्या ठोक्याला सुरू केलं," एवढंच तो चार महिने सांगत होता. ऐकतो कोण?

तिने कर्नलची फाइल उघडली. आत चौसष्ट प्रोसेसरांपुरतीच जागा. त्यापुढचे सापडले तर सोडून द्यायचे. यंत्र चालू होताना तशी सूचना दिसायला हवी होती, पण ती ओळ कुणीतरी काढून टाकली होती. नऊ वर्षांपूर्वी. काढणाऱ्याचं नाव तिचंच होतं.

मग आठवलं. "एवढे प्रोसेसर घेतंय कोण? सूचना बघून उगाच गिऱ्हाईक बिचकतं. काढून टाक," तिचे तेव्हाचे साहेब म्हणाले होते. तिने मान डोलावली होती आणि जेवायला गेली होती.

अर्धं यंत्र झोपलेलं, आणि कुणाला पत्ता नाही. तासाभराचं गणित दोन तासांवर गेलं होतं.

खोलीत ती एकटीच होती. फाइल मिटली असती, तर या कानाचं त्या कानाला कळलं नसतं. तिने अहवाल लिहायला घेतला. स्वतःचं नाव लिहिताना दोनदा चुकली.

बाहेर बाकावर चौकशीला बोलावलेला ऑपरेटर बसला होता. शर्टाची बटणं वरखाली लागलेली.

"काका, तुम्ही वेळेवरच सुरू केलं होतं," ती म्हणाली. "चूक माझी आहे. तसं लिहून दिलंय. तुमची नोकरी परत मिळेल."

तो ओरडेल, अंगावर धावून येईल, असं तिला वाटलं. तसं झालं असतं तर बरं, असंही वाटलं. त्याने खिशातला फोन काढून तिच्यापुढे धरला.

"नोकरीचं राहू द्या, ताई," तो म्हणाला. "आमच्या हिला फोन करून एवढं सांगाल? माझ्याशी ती बोलत नाही. आमची लेक त्याच खालच्या वस्तीत दिली होती."