राणीचा वाळा

विष्णुपंतांच्या गाजलेल्या कादंबरीत राणी मेलेल्या लेकीचा वाळा किल्ल्याच्या बुरुजावरून समुद्रात फेकते. सेहेचाळीस साली कोकणातल्या वाचकांनी त्याच किल्ल्यावर त्यांचा सत्कार ठरवला. नगरहून निघताना ते बायकोला म्हणाले, “इंदूचा एक वाळा बरोबर घे.” दमयंतीला भरून आलं. लेक गेल्यापासून या माणसानं तिचं नावही काढलं नव्हतं. वाटभर तिनं तो कनवटीला जपला. बुरुजावर पंतांनी राणीचा विलाप वाचला. शब्द दमयंतीचेच होते. इंदूला उचलून नेलं तेव्हा उंबऱ्यात बसून ती बोलली होती ते. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. पंतांनी दमयंतीपुढे हात पसरला. लेकीचा वाळा बापाला एकदा कुरवाळायचा असेल, म्हणून तिनं तो दिला. त्यांनी तो समुद्रात भिरकावला. टाळ्या थांबेनात. हार घालून घेताना ते कुजबुजले, “दुसरा जपून ठेव हं. दिवाळीत पुन्हा बोलावलंय.”