बेस पुणे, घर भिलाई

पायलट झालेल्या गीतांजलीला कंपनीनं विचारलं, "बेस कुठला हवा?" तिनं पुणे निवडलं, कारण तिथून रायपूरला थेट विमान होतं आणि रायपूरहून भिलाई जवळ. ड्यूटी पुण्यात, सुट्टी भिलाईच्या वैशाली नगरातल्या घरी. स्टाफला प्रवास फुकट होता, पण सीट रिकामी उरली तरच.

"अवं, उरल्यासुरल्या सीटच्या भरवशावर कोनी घर करते का?" आई म्हणायची.

भिलाईतल्या तिच्या साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या दिवशी सकाळची ड्यूटी संपवून ती धावतच काउंटरवर गेली, तर विमान गच्च भरलेलं. तिला रडूच फुटलं. तेवढ्यात रांगेतून हाक आली, "अगं, गीतांजली!"

पाहते तर काय, तिचंच होणारं सासर! त्यांची आदल्या रात्रीची रेल्वेगाडी ऐनवेळी रद्द झाली होती, म्हणून सगळ्या मंडळींनी विमानाच्या उरलेल्या सीट घेऊन टाकल्या होत्या. ती उड्डाणात असल्यामुळे तिला फोनच लागला नव्हता.

तिचा होणारा नवरा कौस्तुभ ऐटीत पुढे झाला. "माझं तिकीट रद्द करा, हिला जाऊ द्या. हिच्याशिवाय साक्षगंध होईलच कसं?"

मंडळींनी टाळ्या वाजवल्या. त्याच्या मावशीनं दोघांवरून कडाकडा बोटं मोडली. गीतांजली डोळे पुसत, हसत विमानात चढली.

रायपूरला बाबा हार घेऊन उभे होते. त्यांनी एकेकाला वाकून नमस्कार केला आणि पुन्हा दाराकडे पाहिलं.



"पोरी, सारे तं आले. जवाईबापू कुठी हायेत?"