झाकीरच्या घरी जेवलेला हिरो

"मार ना रं हाक! आता का दातखीळ बसली?" नवनाथने झाकीरला मागून ढोसलं.

शूटिंगच्या दोरीला निम्मं चौक गाव लटकलं होतं. कर्जत रस्त्यावरच्या फार्महाऊसवर अजेयराज आलाय, ही बातमी सकाळीच नवनाथच्या ढाब्यावर पोचली, आणि मग काय, टेंपो भरून सगळे निघाले. हिरोला बघायला नव्हे हो. झाकीरची फजिती बघायला.

कारण या झाकीर गॅरेजवाल्याने कित्येक वर्षं सगळ्यांचं डोकं पिकवलं होतं. रोज्यांचे दिवस, सूर्य मावळतीला, मगरिबची अजान व्हायला आलेली, आणि हायवेवरून बंद पडलेली गाडी ढकलत कोण यावा? तर साक्षात अजेयराज! गाडीचं बॉनेट उघडायच्या आधी झाकीरने त्याला घरात नेलं, शेजारी बसवलं आणि त्याच्यासोबत रोजा सोडला. नफिसाने केलेली गोड, लुसलुशीत सांदणं हिरोने पोटभर खाल्ली. जाताना मिठी मारली. म्हणाला, 'झाकीरभाय, तुमाला जन्मात इसरणार नाय.'

ऐकणारे "हो का!" म्हणत आणि पाठ वळली की हसत. नवनाथ तर तोंडावर हसे. थापाड्या हे नावसुद्धा त्यानेच पाडलेलं. साऱ्या गावात झाकीरच्या बाजूने एकटी त्याची बायको नफिसा, कारण तिने स्वतःच्या हातांनी वाढलं होतं. आज ती ईदचे कपडे घालून नवऱ्याला खेटून उभी होती. बिचारा झाकीर मात्र मागच्या मागे सटकायला बघत होता. मोठी माणसं ती, रोज हजार तोंडं बघतात. विसरला असला तर? उद्या कोणत्या तोंडाने गॅरेजचं शटर वर करायचं?

अजेयराज आला. पांढरा शर्ट, गॉगल, मागे छत्री धरणारा. झाकीरने सगळा जीव घशात आणला.

"साहेब! मी झाकीर, चौकचा! आमच्या घरी रोजा सोडला तुमी!"

हिरो थांबला. गॉगल वर केला. झाकीरकडे नीट बघितलं आणि गोड हसला.

"काहीतरी चूक होतेय, काका. मी असा कुणाच्या घरी जात नाही." आणि खुर्चीत जाऊन बसला.

दोरीवर हशाचा भडका उडाला. नवनाथ तर मांडीवर थाप मारून मारून हसला. "पडलास ना उघडा!"

"खाल्ल्या मिठाला तरी जागावं माणसानं!" नफिसा संतापाने ओरडली. झाकीरचे डोळे भरून आले. इतकी वर्षं ज्याच्यावर जीव टाकला, त्यानेच सगळ्यांदेखत खोटं पाडलं. "चल गं घरी," तो कसाबसा म्हणाला.

"झाकीरभाय! अवो झाकीरभाय! भाभी!"

शेडमागून एक माणूस धावत आला. तोच पांढरा शर्ट, तेच केस, तीच मिशी. पायांत मात्र रबरी चप्पल. दोरीखालून वाकून त्याने झाकीरला कडकडून मिठी मारली. झाकीर एकदा त्याच्याकडे बघे, एकदा खुर्चीतल्याकडे.

"मी दशरथ. साहेबांचा डुप्लिकेट," तो म्हणाला. "त्या दिवशी खोपोलीचं शूटिंग आटपून मेकअपसकट घरी चाललो व्हतो."

"मग तवाच सांगितलं का नाय रं बाबा?" झाकीरने विचारलं.

"सांगायला तोंड उघडलं, तर भाभींनी त्यात सांदण कोंबलं! ते गिळतोय तर दुसरं." दशरथ हसला, मग त्याचा आवाज जरा ओला झाला. "आन् खरं सांगू? सेटवर मला कोण इचारतो? तुमी मानानं शेजारी बसवलंत. तुमचा फुललेला चेहरा बघून माज्यानं बोलवलंच नाय."

"हात्तिच्या!" नवनाथ ओरडला. "म्हंजी जेवला तो डुप्लिकेटच की!"

 झाकीरने दशरथला विचारलं, "पिक्चरमधी पुलावरनं नदीत उडी मारतो, तो कोण?"

"मीच."

"आन् जळत्या गाडीतनं पोराला भायेर काढतो तो?"

"तोबी मीच. ह्यो बघा चटका." दशरथने बाही वर केली.

त्याच उड्यांवर शिट्ट्या मारमारून झाकीरचा घसा बसला होता. तो ताठ झाला. नवनाथकडे वळून म्हणाला, "ऐकलंस? साहेब निस्ते बाईमागं झाडाभोवती फिरतात. हिरो माझ्याच घरी जेवला!"

आता सगळं चौक गाव दशरथभोवती गोळा झालं. चटक्यावर हात फिरवायला पोरं एकमेकांना ढकलू लागली. खुर्चीभोवती छत्रीवाला तेवढा उरला. अजेयराजला ते काही रुचलं नाही. तो उठला, केस सारखे केले, गर्दीत शिरला आणि झाकीरच्या खांद्यावर हात ठेवून उदारपणे म्हणाला, "या काका, नाराज होऊ नका. फोटो काढू या."

झाकीर खूश झाला. त्याने खिशातला मोबाईल काढून अजेयराजच्या हातात दिला, दशरथच्या गळ्यात हात टाकला आणि म्हणाला, "काढा साहेब. दोघंबी नीट येऊ द्या हां."