खुळखुळा

रादामेसनं जळका पिस्टन नेरेइदाच्या टेबलावर आदळला.

"याच्या जागी दुसरा घाल. रविवारच्या शर्यतीच्या आत. आणि आवाज येता कामा नये."

त्याचे दोन मित्र बिअरच्या बाटल्या घेऊन गॅरेजच्या दारात उभे होते. तिच्याशी घटस्फोट झाल्यापासून तो एकटा कधी येत नसे. खरं तर आलाच नसता. पण सिलिंडर बोअर करायचं यंत्र त्या किनाऱ्याला फक्त तिच्याकडे होतं.

नेरेइदानं पिस्टन उजेडात फिरवला. त्याच्या अंगावर चार उभे ओरखडे होते, चार बाजूंना सारखे.

"इंजिन गार असतानाच पळवलंस."

"मग काय, आधी त्याला कॉफी पाजू?"

मित्र खिदळले.

"बसवणाऱ्यानं जागाही ठेवली नव्हती. तापलेला पिस्टन फुगतो. फुगायला जागा नाही मिळाली की अडकतो."

"मास्तरीणबाई, शाळा सुटली."

मागच्या महिन्यात शर्यतीच्या भर धावपट्टीवर हा पिस्टन असाच अडकला होता. त्याच्या चार चाकांच्या मोटारसायकलीची, फोरट्रॅकची, मागची चाकं जागच्या जागी थिजली आणि रादामेस हवेत उडाला. गळ्याखालचं हाड मोडलं, बाकी वाचला. कुंपणापाशी त्यांची मुलगी कोराल उभी होती.

"ती अजून झोपेत ओरडते," नेरेइदा म्हणाली.

"माझ्या पोरीचं मला शिकवू नकोस. पिस्टन दाखव."

इंजिन तापू दे, मग निघ, हे तिनं संसार होता तोवर रोज सांगितलं होतं. पण चर्चमध्ये पाद्रीबाबांचा प्रश्न पुरा व्हायच्या आत 'हो' म्हणून मोकळा झालेला माणूस तो. घर सोडून गेला तोही तसाच, ताटातलं अर्धं टाकून.

तिनं फळीवरून दोन डबे काढले. एकात ओतीव पिस्टन होता, दुसऱ्यात घडीव.

"ओतीव गुपचूप चालतो. पण तुझ्या शर्यतीत तडकेल."

"मग घडीव घाल. घट्ट बसव. तो पोन्से गावचा पोरगा आठवतो ना? गाडी वाजत होती, तर लोकांनी 'खुळखुळा, खुळखुळा' करत घरी पिटाळला. परत तोंड दाखवलं नाही त्यानं. माझं तसं झालं तर तुझं गॅरेज पेटवीन."

"पेटवायला आहे काय इथं?" एक मित्र म्हणाला. रादामेस सगळ्यात मोठ्यानं हसला.

ते गेल्यावर तिनं दार लावून घेतलं. मायक्रोमीटरनं पिस्टन मोजला, मग सिलिंडर. बोअर करताना तिनं त्याला हवी होती त्याहून जास्त फट ठेवली. डोळ्यांना दिसणार नाही एवढीच, पण कानांना कळेल एवढी. इंजिन जोडून तिनं किक मारली. पत्र्याच्या डब्यात चणे हलवावेत तसा खुळखुळाट गॅरेजभर झाला. नेरेइदाच्या चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांनी हसू आलं. तिनं टाकीवर आपल्या गॅरेजचं नाव चिकटवलं.

शनिवारी त्याचा ट्रक वळणावर दिसला तेव्हा तिनं इंजिन केव्हाचं चालू ठेवलं होतं, चांगलं तापलेलं. रादामेसनं कान लावला. आवाज नाही.

"शिकलीस शेवटी," तो म्हणाला आणि फोरट्रॅक ट्रकवर चढवून घेऊन गेला.

रविवारी धावपट्टीच्या दोन्ही बाजूंना गर्दी होती. रादामेसनं हेल्मेट चढवलं, गार इंजिनाला किक मारली आणि खुळखुळाट सुरू झाला.

आधी अल्कापुरिया तळणारी बाई हसली. मग पोरं. मग कुणीतरी बँडवाल्यांचे मराके, खरेखुरे खुळखुळे, उचलून ताल धरला, आणि सगळं कुंपण ओरडू लागलं, "खुळखुळा! खुळखुळा!" एकानं टाकीवरचं नाव वाचलं. "गाडी नेरेइदाकडे द्या रे! रेडिओ फुकट!"

"ऐकलंस, चेटकिणी?" रादामेस गर्दीवरून तिच्यावर ओरडला. "मुद्दाम केलंस तू हे!"

नेरेइदा कुंपणापाशी उभी होती. शेजारी कोरालनं दोन्ही हातांनी डोळे झाकून घेतले होते.

लाउडस्पीकरवरून त्याचं नाव पुकारलं. तो रेषेकडे निघेना. पुन्हा पुकारलं. लाल कान घेऊन तो तिथंच बसला, अ‍ॅक्सिलरेटरची मूठ हलकेच पिळत, शिव्या देत. लोक नाचत होते. पिस्टन तापत होता, फुगत होता, त्याची फट भरत होती. खुळखुळ पातळ झाली. मग तुटक झाली. मग नुसतं इंजिन उरलं, स्वच्छ, एका सुरात. मराके वाजवणाऱ्याचा हात खाली आला.

तेव्हा कुठे रादामेस रेषेवर गेला. बावटा पडला. फोरट्रॅक सुटली, अर्ध्यावरून गेली, टोकाला पोचली. कुठेही अडकली नाही.

परत येताना त्यानं कुंपणापाशी गाडी हळू केली, नेरेइदाच्या पायाशी थुंकला आणि पुढे गेला.

कोरालनं बोटांच्या फटीतून पाहिलं. "आई, पप्पा आज थांबले होते. तू सांगितलंस त्यांना?"

"नाही," नेरेइदा म्हणाली. "सांगून तो कधी थांबला नाही. लोक हसले की थांबतो."