केकवरचा देश

"नाव आत्ताच घालून टाका, मिस ऑर्लीन," हॉलिस बर्डेट म्हणाला, आणि ऑर्लीनच्या हातातली पेन्सिल थांबली.

एकवीस वर्षं ती ह्यूस्टनजवळच्या त्या गावात नकाशांचे केक करत होती, आणि केकवर देशाचं नाव शेवटी घालायचं हा तिचा नियम होता. तेल कंपन्यांची रीतच तशी होती. कुठल्याशा देशात तेल काढायचा हक्क मिळाला की कंपनीत मेजवानी व्हायची आणि मेजवानीत तो देश कापला जायचा. पण मिळतो मिळतो म्हणता हक्क हातचा जातोही. एकदा असाच एक व्यवहार ऐन वेळी फिसकटला, आणि नाव घातलेला चाळीस माणसांचा केक ऑर्लीन आणि तिचा नवरा लिओन आठवडाभर खात बसले. लिओनची काही तक्रार नव्हती. तो अजून त्या आठवड्याची आठवण काढतो. ऑर्लीननं मात्र तेव्हापासून सह्या झाल्याचा फोन आल्याशिवाय केकवर अक्षर काढलं नाही.

म्हणून तिनं विचारलं, सह्या झाल्या का? बर्डेट म्हणाला, नाही, पण वीस एप्रिल पक्की धरा. तेव्हा नुकता फेब्रुवारी लागला होता. बर्डेट एका तेल कंपनीतला, तिचं जुनं गिऱ्हाईक, शब्दाचा पक्का माणूस. तरी तिला राहवलं नाही.

"अहो, पण त्या देशाचं सरकार तर तुम्हाला दारातही उभं करत नाही. टीव्हीवर रोज दाखवतात."

"सरकारं बदलतात, मिस ऑर्लीन," बर्डेट हसून म्हणाला आणि त्यानं खिशातून नकाशा काढला.

त्यानं अकरा ठिकाणी विहिरी दाखवल्या, समुद्रापर्यंतची तेलाच्या नळाची रेघ दाखवली. हिरवा रंग किती घालू, असं तिनं विचारलं, तर म्हणाला, अजिबात नको, सगळी वाळू. एप्रिलमध्ये तिथे असं ऊन असतं की तुमचं क्रीम गाडीतून उतरेपर्यंत वितळेल. मग बिस्किटांचा चुरा करून वाळू करायची असं ठरलं.

ऑर्लीनला ही तारीख मनापासून आवडली होती. अठरा एप्रिलला तिचा मुलगा वेस्ली सैन्यातली चार वर्षं पुरी करून कायमचा घरी येणार होता. त्याच्यासाठी खोबऱ्याचा केक करायचाच होता. एकाच आठवड्यात भट्टीत एका बाजूला मुलगा आणि एका बाजूला देश, असं ती येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायची. लिओननं वेस्लीच्या खोलीला नवा रंग दिला होता. बापलेक दोघांसाठी मासेमारीचे परवाने काढून ते गल्ल्याच्या काचेखाली असे लावले होते की येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसलेच पाहिजेत.

मार्च सुखात गेला. ऑर्लीन मागच्या टेबलावर काम करायची. लिओन पुढे गल्ल्यावर बसून टीव्ही पाहायचा आणि बातम्या ओरडून सांगायचा. राष्ट्राध्यक्ष म्हणाले, अजून काहीच ठरलेलं नाही. राष्ट्राध्यक्ष म्हणाले, चर्चा चालू आहे, युद्धाचा विचारसुद्धा मनात नाही. लिओन उमेदीची वीस वर्षं तेलविहिरींवर राबलेला माणूस. त्याचा सगळ्यांवर विश्वास होता, राष्ट्राध्यक्षांवर थोडा जास्तच. ऑर्लीनला वाटायचं, चर्चा चालली आहे म्हणजे सह्याही होतील. बर्डेटला आतली खबर असणार. ती निवांत होती. केकच्या कापून टाकलेल्या कडा लिओनच्या पोटात जात होत्या, तोही निवांत होता.

नऊ एप्रिलला सकाळी तिनं केकवर नंतर बसवायच्या साखरेच्या मोठ्या थरावर देश मांडला. त्याच्यावर वाळू पसरली, चॉकलेटच्या अकरा विहिरी उभ्या केल्या. ज्येष्ठमधाच्या काळ्या, चिवट मिठाईच्या दोरीचा नळ समुद्रापर्यंत नेला. मग इतक्या वर्षांचा नियम मोडून पांढऱ्या साखरेनं देशाचं नाव लिहिलं. अक्षर सुरेख आलं होतं. ती दोन पावलं मागे जाऊन पाहत होती, तेवढ्यात फोन वाजला.

वेस्ली होता. त्याची सुटका रद्द झाली होती. एकट्याची नाही, सगळ्यांचीच. अख्खी तुकडी उद्या पहाटे निघणार होती. वाईट वाटून घेऊ नकोस, असं तोच तिला समजावत होता. महिन्याभराचा प्रश्न आहे, खोबऱ्याचा केक फ्रीजरमध्ये ठेव, बाबाला म्हणावं माझ्या वाटणीचे मासे पकडू नकोस. लिओन गल्ल्यावरून उठून आत आला होता. कुठे पाठवतायत ते विचार, असं तो हातानं खुणावत होता. ऑर्लीननं विचारलं.

"सांगत नाहीत ना, आई. आमच्या कर्नललाही माहीत नाही म्हणे. पोरं म्हणतायत, डोंगरात बर्फातल्या सरावाला नेणार. सगळे पिशव्यांत जाड मोजे कोंबतायत. लढाईबिढाई काही नाही गं, चर्चा चालू आहे ना."

ऑर्लीननं टेबलाकडे पाहिलं. तिनं टेबलाचा काठ धरला. समोर बिस्किटांची वाळू होती, अकरा विहिरी होत्या, समुद्रापर्यंतचा नळ होता. नाव अजून ओलं होतं.

"जाड मोजे काढून ठेव, बाळा," ती म्हणाली. "तिथे फार ऊन असतं."